थोरलीच्या हातचं पहिलं बी

यिंबो, रविवार, २२ फेब्रुवारी १९८७

मिकायी,

तब्येत विचारत नाही. किसुमूला लेकाच्या घरी बसून आयतं खाणाऱ्या बाईची तब्येत चांगलीच असणार. आम्ही इथे खपतोय.

कामाचं लिहिते. रेडिओवाला म्हणतो की यंदा मोठा पाऊस लवकर येणार, मार्च लागला की आलाच. सगळ्या गावाने जमिनी खणून ठेवल्यात. माझं परस मी दोनदा खणलं, शेण घातलं, दगड वेचून कुंपणाला लावले. मका, चवळी, भोपळा, पालेभाज्यांचं बी, सगळं राखेत घोळून ठेवलंय. आणि मी हात जोडून बसलेय. का, तर आपल्या धन्याच्या, ओबिएरोच्या आवारात पहिलं बी मिकायीने टाकायचं, तिच्यानंतर मी, माझ्यानंतर सून. थोरली बायको किसुमूला रुसून बसली तर धाकटीने साधी भोपळ्याची बीसुद्धा मातीला दाखवायची नाही. हा नियम मी केलेला नाही. मी केला असता तर उलटा केला असता.

तू कशावरून गेलीस ते गावाला ठाऊक आहे, मला वेगळं सांगायला नको. रेडिओ माझ्या घरात आहे. बरं, आहे. मी मागितला नव्हता. आयूबच्या बापाने, आपल्या धन्याने, तो आणला तेव्हा तुझं छप्पर गळत होतं, म्हणून माझ्या फळीवर ठेवला. छप्पर कधीच शाकारून झालं. मग तो तिकडे का गेला नाही ते त्याला विचार. रोज संध्याकाळी तो माझ्याकडे येतो तो हवामान ऐकायला. माझं तोंड बघायला येतो असं तुला वाटत असेल तर ये आणि माझं तोंड बघ.

तुझी सून विल्किस्ता बरी आहे. तिचा धाकटा आता उभा राहतो. तिचं मक्याचं पिंप मी वाकून बघितलं, तळ दिसतो. यापुढे मी काही बोलत नाही.

ये, तुझं मूठभर बी टाक, आणि हवं तर परत जा.

डॉर्सिला


यिंबो, बुधवार, ११ मार्च

मिकायी,

कंडक्टर सांगत होता की तू बसमध्ये सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालीस, ‘धाकटीने माझा पेरा बुडवला.’ आता माझं ऐक. बसमध्ये नाही, कागदावर ऐक.

मी तुला बोलावलं ते रेडिओच्या शब्दावर. तू आलीस, मानते. चार दिवस तू तुझ्या दारात बसून आभाळ बघत होतीस आणि आभाळ घासलेल्या पातेल्यासारखं स्वच्छ. तो मेला रोज सांगत होता की सरोवराच्या परिसरात काही ठिकाणी सरी पडतील. काही ठिकाणी म्हणजे कुठे? माझ्या परसात की सरोवरात? पाण्यात पडला तर तो कोणाच्या कामाचा? त्याचा आवाज ऐकलास ना, तेल लावल्यासारखा. नैरोबीच्या एखाद्या खोलीत बसलेला, त्या खोलीला खिडकी तरी असेल की नाही देव जाणे.

पाऊस आला नाही यात माझा काय दोष? मी तर तुला म्हटलं की कोरड्यात टाक, नियम पुरा होईल, आमची वाट मोकळी होईल. तू म्हणालीस, मुंग्यांना जेवू घालायला मी आले नाही, बी ओल्यातच पडेल. ठीक. त्या संध्याकाळी रामोगीच्या डोंगरावर काळं दिसलं. तुझं मन बदललं. उद्या टाकते म्हणालीस. मीच कोंबडी कापली, तुला आठवत नसेल.

आता पुढचं. बी टाकण्याच्या आदल्या रात्री धन्याने थोरलीच्या घरी निजायचं, तरच ते बी धरतं. हे तुला माहीत, मला माहीत, त्यालाही माहीत. तो तुझ्याकडे जेवला. मग म्हणाला, हवामान तेवढं ऐकून येतो. तू त्याला सोडलंस कशाला? मी तर त्याला हाक मारली नव्हती. आधी बातम्या झाल्या. मग मेलेल्यांची नावं. कोण कुठे वारलं, पुरायला कुठे जमायचं, कोणत्या गावच्या कोणत्या जावयाने यायचं. ती नावं संपल्याशिवाय हवामान लागतच नाही, आणि त्या दिवशी अर्धा देश मेला होता. तो खुर्चीतच झोपला, तोंड उघडं टाकून.

मी त्याला दोनदा हलवलं. बरं, एकदा. पण चांगलं हलवलं.

पहाटे तू दार उघडलंस आणि तो माझ्या दारातून डोळे चोळत बाहेर आला. तुला जे वाटायचं ते वाटलं. बी गाठोड्यात बांधून तू पहिली बस धरलीस. मी रस्त्यापर्यंत मागे धावले, ते कंडक्टरने नाही सांगितलं ना तुला? आणि डोंगरावरचं काळं म्हणजे कोणीतरी पेटवलेल्या गवताचा धूर होता.

माझा गुडघाही दुखत होता त्या दिवशी. तोही खोटारडा निघाला. पण गुडघ्याला कोणी फळीवर बसवून बॅटऱ्या घालत नाही.

डॉर्सिला


यिंबो, रविवार, २२ मार्च

मिकायी,

तुझं पत्र मिळालं. एक ओळ. ‘रेडिओ तुझ्याकडे आहे, कधी यायचं ते तूच सांग.’ वा. टोमणा मारायला पूर्ण पान लागत नाही हे तुझ्याकडून शिकावं.

तर ऐक, सांगते. तो आता म्हणतो की पाऊस लांबला. एप्रिलच्या मध्यापर्यंत नाव काढू नका, बियाणं जपून ठेवा. आधी लवकर होता, आता उशिरा झाला. मधे त्याने एकदा तरी म्हणावं की लोकहो, मागच्या वेळी माझं चुकलं. नाही. माझी कोंबडी दुसऱ्याच्या आवारात गेली तरी मी माफी मागते.

आणि आयूबचा बाप? तो चवीने मान डोलावतो. सकाळी गावात फिरून सगळ्यांना सांगतो, जणू पावसाची चावी याच्या खिशात आहे. लोकांनी त्याचं नावच ‘हवामान’ ठेवलंय. परवा बाजाराच्या वाटेवर ओडेराचा म्हातारा ओरडला, ‘काय हवामान, आज छत्री घेऊ की टोपी?’ हा खुळा थांबला आणि खरंच उत्तर दिलं. टोपी म्हणाला. मी डोक्यावर टोपली घेऊन मागे होते. मला वाटलं ती टोपली त्याच्या डोक्यात घालावी.

तेव्हा एप्रिलच्या मध्यावर ये. त्याच्या म्हणण्यावर मी विश्वास ठेवते असं समजू नकोस. तू विचारलंस म्हणून कळवलं.

विल्किस्ताला मी माझ्या पिंपातून एक टोपली मका दिला. तिने मागितला नव्हता.

डॉर्सिला


यिंबो, गुरुवार, २ एप्रिल

मिकायी,

पाऊस आलाय.

सोमवारी दुपारी आला. सकाळीच तो तेलकट म्हणाला होता, कोरडं आणि ऊन. दुपारी सरोवराकडून असा वारा सुटला की माझं दोरीवरचं लुगडं कुंपणावर गेलं, आणि मग जे कोसळलं ते अजून थांबलेलं नाही. पागोळ्यांखाली ठेवलेली सगळी भांडी भरून वाहतायत. पावसाच्या आवाजात रेडिओ ऐकू येईना, तर आयूबचा बाप त्याला कान लावून बसला, पाऊस पडणार का ते ऐकायला.

अख्खं गाव शेतात आहे. म्हाताऱ्या, लंगड्या, सगळ्या. ओडेराच्या घरी तिन्ही जावांचं पेरून झालं. आणि ओबिएरोच्या आवारात चार कोंबड्या आणि आम्ही दोघी. वाटेने जाणारी एक बाई कुंपणाशी थांबून आवाज उतरवून विचारते, ‘कोणी गेलं का तुमच्याकडे?’ मी म्हटलं, हो, किसुमूला गेलंय.

मी तीन फुटकी मडकी आणि एक बुडाला भोक पडलेलं पातेलं माती भरून छपराच्या वाशाला टांगलंय आणि त्यात पालेभाजीचं बी टाकलंय. माती आवारातली नाही, ओढ्याकाठची आहे. मडकं जमिनीला टेकत नाही. याला पेरणं म्हणत नाहीत. कोणी म्हटलंच तर माझ्याकडे पाठव.

आता तुझ्या सुनेचं. काल सकाळी बघते तर कुदळ खांद्यावर, बियाची टोपली कमरेला, आणि बाई निघाली आपल्या तुकड्याकडे. मी धावत जाऊन आडवी उभी राहिले. पाऊस दोघींच्या डोक्यावर. ती शाळेत शिकलेली, माझ्यासारखी तिसरीतून गुरं राखायला गेलेली नाही. शांतपणे म्हणाली, ‘धाकट्या आई, बाजूला व्हा. माती काय विचारते का, पहिलं बी कोणाचं पडलं म्हणून?’

मी म्हटलं, आधी माझ्या पायावर कुदळ मार.

‘आणि तुम्ही मडक्यात पेरलंत ते?’

‘मडकं म्हणजे जमीन नाही.’

‘मग पोट तरी कुठे जमीन आहे? त्याला सांगा ना थांबायला.’

मी तिच्या हातून कुदळ ओढून घेतली आणि माझ्या घरात खाटेखाली ठेवली. ती म्हणाली, तुम्ही घाबरता. घाबरते तर घाबरते. क्रम मोडला तर चिरा लागतो, रीत मोडल्याचा शाप, आणि तो माझ्यासारखीला कशाला धरेल, मला वाळवून त्याला काय मिळणार? तो लहान्याला धरतो. खाणं अंगी लागत नाही, हातापायाच्या काड्या होतात. तुझा नातू आत्ता कुठे भिंत सोडून दोन पावलं टाकतोय. मी त्याच्यावर डाव लावणार नाही. शिकलेल्यांनी लावावा.

पण तिच्या पिंपात मका नाही हेही खरं आहे. कुदळ खाटेखाली ठेवून मी पिंप भरू शकत नाही.

ही ओल गेली तर पुढची कधी येईल ते सांगायला आपल्याकडे एक रेडिओ आहे आणि एक गुडघा. तेव्हा ये.

डॉर्सिला


यिंबो, मंगळवार, ७ एप्रिल

मिकायी,

विल्किस्ताने गाठोडं बांधलंय. शनिवारी माहेरी निघते म्हणते, पोरांना घेऊन. तिकडे तिच्या आईचं पेरून झालंय, निदान पाला तरी खायला मिळेल. पेरा होत नाही त्या घरात सून राहत नाही, हे ती म्हणाली आणि मला तिला खोटं पाडता आलं नाही.

मी तुला हवामान सांगणार नाही. ते मी दोनदा सांगितलं आणि दोनदा तोंडावर आपटले. जे दिसतं ते लिहिते. कालपासून पाऊस थांबलाय. माती अजून मुठीत दाबली की गोळा होतो. शनिवारपर्यंत होईल की नाही मला माहीत नाही. कोणालाच माहीत नाही, पण मी ते बोलून दाखवते.

तू त्याच्यासाठी येऊ नकोस. माझ्यासाठी तर नकोच. मी ओसरीत बसून शेंगा सोलत असेन, माझ्याकडे बघायची गरज नाही. तुझ्या घराची चूल मी सारवून ठेवलीय, लाकडं आत सुकी आहेत. ती विल्किस्ताने ठेवली असं समज.

शनिवारच्या आधी ये.

डॉर्सिला


यिंबो, ईस्टरचा रविवार, १९ एप्रिल

मिकायी,

तुझ्या दारापासून माझ्या दारापर्यंत एक कोंबडी न दमता जाते, आणि मला तुला पत्र लिहावं लागतंय. तू दार लावून घेतेस. चर्चमध्येही बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसलीस. तेव्हा हे दाराच्या फटीतून सरकवते. चुलीत घालण्याआधी वाच.

तू गुरुवारी आलीस. माझ्या ओसरीवरून गेलीस आणि माझ्याकडे बघितलं नाहीस, मीच लिहिलं होतं म्हणून त्याबद्दल बोलत नाही. पण रेडिओ लागायच्या वेळी तू आवाराच्या मधोमध उभी राहिलीस आणि आयूबच्या बापाला म्हणालीस, ‘ताट माझ्याकडे आहे. अंथरूणही.’ तो अर्धा उठला. ‘आणि हवामान?’ म्हणाला. तू म्हणालीस, ‘बाहेर बघ.’

मी घरात जाऊन तोंडावर पदर धरून हसले. ते तुला कळू नये म्हणून इतके दिवस लिहिलं नव्हतं.

शुक्रवारी उजाडताना तू तुझ्या घरामागे बी टाकलंस. मी कुंपणाशी टोपली घेऊन उभी होते, विल्किस्ता माझ्यामागे, तिची कुदळ मी आदल्या रात्रीच परत दिली होती. तू हात झटकलेस, कुंपणापर्यंत आलीस आणि म्हणालीस, ‘टाक.’ एवढंच. दीड महिना मी बोटं झिजवून पत्रं लिहिली आणि मला मिळाला एक शब्द, कुत्र्याला भाकर टाकायला सांगावं तसा. मी टाकलं. मी इतक्या घाईने टाकलं की भोपळा चवळीच्या ओळीत पडला. विल्किस्ताने दुपारपर्यंत आपला सगळा तुकडा पेरला आणि संध्याकाळी गाठोडं सोडून त्यातलं पातेलं चुलीवर ठेवलं. ते बघायला तू दार उघडायला हवं होतंस.

रात्री थोडा पाऊस झाला. रेडिओवाला नाही म्हणाला होता.

आता मुद्द्यावर येते. तो रेडिओ. आयूबच्या बापाने तो काखेत मारून तुझ्याकडे आणला, माझ्या समोरून, जणू नवरीची पाठवणी. आणि तू तो दारातून परत पाठवलास. ‘खोटं बोलणाऱ्याला मी घरात घेत नाही.’ शाबास. म्हणजे मी घ्यायचं? आता रोज संध्याकाळी तो माझ्या फळीवर एकटाच बडबडतो, आणि तुझ्या ओसरीतून आयूबचा बाप ओरडतो, ‘काय म्हणाला?’ मला चुलीवरून उठून सगळ्या आवाराला ऐकू जाईल असं सांगावं लागतं. मला वेळ नाही. परवा तो काय म्हणाला ते मी ऐकलंच नाही, जे तोंडाला आलं ते सांगितलं. सकाळी तसंच झालं. आयूबचा बाप खूश, म्हणतो की रेडिओवाला सुधारला.

तुझी चवळी वर आलीय. मी कुंपणावरून बघितलं, मोजली नाही. माझी दोन कोपऱ्यांत आलीय, तिसऱ्या कोपऱ्यातलं बी पाण्याने वाहून गेलं, ते पुन्हा टाकावं लागेल. विल्किस्ताचा मका जमीन फोडतोय, जरा वाकडा, पण आहे. लहाना त्या ओळींतून चालत जातो आणि ती त्याला ओरडते.

ती म्हणाली की तू उद्याच्या बसने परत निघालीस.

मिकायी, तुला वाटतं पहिलं बी टाकलं की तुझं काम झालं. निंदणीला पहिली कुदळ कोणाची? नवं कणीस पहिलं कोणी मोडायचं? नव्या पिठाचं पहिलं कुओन कोणाच्या चुलीवर शिजायचं? तुझ्या. प्रत्येक वेळी तुझ्या. तू किसुमूला, मका दांड्यावर वाळतोय, माकडं खातायत, आणि मी पुन्हा कागद शोधतेय. मी तिसरीपर्यंत शिकलेली बाई आहे. एक पत्र लिहायला मला दोन संध्याकाळी लागतात आणि मनगट दुखतं, आणि तू एका ओळीत उत्तर देतेस.

तू माझ्याशी बोलू नकोस. त्याला ठेवून घे, आठवडाभर ठेव, महिनाभर ठेव, मला घोरणं ऐकू आलं नाही तर झोप चांगली लागते. पण राहा. मला लिहायचा कंटाळा आलाय.

डॉर्सिला